कोंबड्यांच्या पुस्तकात सापडलेलं पुस्तक

रायपूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात बसतो. पुस्तकांना खाकी कव्हरं घालतो, पोरांचे फॉर्म भरून देतो. सर समाजासाठी किती करतात, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की मला उठून घरी जावंसं वाटतं.

गोष्ट शाळेतली आहे. बीरगांवहून एक मुलगी यायची, बारावीला होती. वडील कारखान्यात, मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्याच समाजाचे. तारे कसे ओळखायचे यावरचं एक पातळसं पुस्तक तिनं नेलं होतं. परीक्षेच्या गर्दीत तिनं ते परत आणलं. पानं सुटली होती, म्हणून मी ते सरळ बाइंडिंगच्या गठ्ठ्यात टाकलं. कार्डावरची नोंद नंतर खोडू म्हटलं आणि विसरलो. गठ्ठा सुतळीनं बांधून गोल बाजारातल्या बाइंडरकडे गेला. सोबत यादी द्यायची असते, ती मी केली नाही.

वार्षिक पडताळणीत ते पुस्तक सापडेना. कार्डावर तिचं नाव होतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, मैंने लौटा दी थी. आपके हाथ में दी थी."

मी म्हणालो, "झूठ मत बोलो."

रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : विद्यार्थिनीने हरवले. वाचनालयाची सही नसल्यामुळे तिचा शाळा सोडल्याचा दाखला अडकला. तिसऱ्या दिवशी वडील ड्यूटी सोडून तिला घेऊन आले.

"जय भीम सर. माही पोट्टी खोटं नाही बोलत."

"मग काय मी बोलतो?" मी विचारलं.

शिकलेल्या माणसाला, त्यातही आपल्यातल्या माणसाला, ते कसं खोटं ठरवणार? त्यांनी मुलीच्या मानेवर हात ठेवला आणि तिचं डोकं माझ्या पायांवर टेकवलं. कुणापुढं वाकायचं नाही, हे ज्या घरात लेकरांना पहिलं शिकवतात, त्या घरातला तो माणूस. मी पाय मागे घेतले नाहीत. सही केली. ती रडली नाही. जाताना मात्र वडील तिला म्हणाले, "खोटं काहून बोलली? आधीच सांगून टाकायचं."

निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना एकेक पुस्तक उघडून आतला शिक्का आणि नंबर जुळवत होतो. कुक्कुटपालनाचं एक पुस्तक हातात आलं. शाळेत ते कुणी कधी नेलं नव्हतं. मध्यापर्यंत कोंबड्या होत्या आणि पुढं आकाश. सारख्या आकाराची पातळ पुस्तकं दोन-दोन एकत्र शिवत जा, कपाटात जागा वाचते, असं बाइंडरला मीच सांगितलं होतं. रजिस्टरमध्ये मी बारीक अक्षरात 'मिळाले' एवढंच लिहिलं. कुणाला काही बोललो नाही. त्यालाही नऊ वर्षं झाली.

यंदा उन्हाळ्यात एक बाई विहारात मुलीची जुनी पुस्तकं द्यायला आली. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "मोजून घ्या हं सर. नाहीतर उद्या माझंच नाव निघायचं." आणि हसली.

मी ओळखलं, बीरगांवची ती मुलगी. त्या दिवशी मुकाट्यानं पुस्तकं मोजली. पुढच्या रविवारी ती उरलेली पुस्तकं घेऊन आली, तेव्हा सगळं सांगितलं.

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "म्हणजे नऊ वर्षांपासून मालूम होतं तुमाले. अन् आता सांगून राहिले?"

"लाज वाटत होती."

"तुमाले लाज वाटत होती," ती म्हणाली. "माझं सोडा. मी तर तुमच्यावर जोक करते घरी. पण बाबा अजून समजतात का मी खोटी बोलली. काही हरवलं घरात, का माझ्याकडे पाहतात. त्यायले सांगा."

गेलो बीरगांवला. म्हातारे खाटेवर बसले होते, कानांनी अधू झालेले. मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं, तेव्हा शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

"कोणतं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

पुन्हा ओरडलो. त्यांनी हात हलवला. "ऐकू नाही येत सर. लिहून द्या. पेपर वाचतो मी रोज, तेही वाचीन."

चार पानं लिहून त्यांच्या मुलीकडे दिली. तिनं दारातच उभ्यानं वाचली आणि परत दिली. "यात कोंबड्याच जास्त आहेत सर. अन् तुमच्या कामाचा लोड. मी कुठं आहे?"

दुसऱ्यांदा लिहिलं. त्यात माझ्या पश्चात्तापाचं फार होतं, ते मीच फाडलं. शाळेत जाऊन शेरा तरी दुरुस्त करावा म्हटलं, तर जुनी रजिस्टरं रद्दीत गेली आहेत, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. तिचं नाव नाही तिथं, माझंही नाही.

हा तिसरा कागद आहे. हात दुखतो, अक्षर आता पहिल्यासारखं येत नाही. वरचं सगळं वाचायचा कंटाळा आला, तर तिच्या बाबांनी खालचंच वाचावं, म्हणून ते मोठ्या अक्षरात काढलं आहे.

पुस्तक तुमच्या मुलीनं माझ्या हातात दिलं होतं. त्या दिवशी खोटं मी बोललो. ती खरं बोलत होती.