सालपटबाई

जळितांच्या ड्रेसिंगची खोली जिच्या ताब्यात होती, तिला पेशंट पाठीमागे सालपटबाई म्हणत. बावीस वर्षं ती लोकांची जळकी कातडी चिमट्याने उचलत होती. साबण आणि स्पिरिटने तिच्या स्वतःच्या बोटांचीही सालं निघत. तोंड मात्र शाबूत होतं.

माझ्या मुलीच्या हातावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हापासून एक दिवसाआड आम्ही तिच्यापुढे हजर. पहिल्याच दिवशी तिने मला झापलं, "टूथपेस्ट कोणी फासली? हाताला दात आलेत का?" रांगेतले सगळे हसले.

डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागेल. पंधराव्या दिवशी घरी पट्टी भिजली, म्हणून मी सोडली. लाल जखमेत खसखशीएवढे पांढुरके ठिपके. पू! उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून मी एकेक ठिपका घासून काढला. पोरगी किंचाळत होती.

दुसऱ्या दिवशी सालपटबाईने पट्टी उघडली आणि चिमटा ट्रेमध्ये आपटला.

"ठिपके कुठे गेले?"

"पू होता तो. साफ केला मी."

"पू? अहो, नवी कातडी होती ती! वरचे थर जळाले, तरी केसांच्या मुळांशी काही पेशी जीव धरून असतात. त्या वाढतात, पसरतात, ठिपक्याला ठिपका मिळतो. कॉलेजात काय शिकलात?"

"तुम्ही सांगितलंत का कधी? ओरडण्यातून सवड मिळाली असती तर कळलं असतं!"

"घरी पट्टी सोडायची नाही, एवढं सांगितलं होतं."

ते खरं होतं. म्हणूनच ती मला आणखी नकोशी झाली.

मग तिने हात दिव्याखाली धरला. मनगटाकडचे काही ठिपके वाचले होते. तिने डॉक्टरांशी भांडून आणखी दहा दिवस मागून घेतले. अट एकच: आईने दाराबाहेर बसायचं. मी बसले. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येई, आणि मला त्या बाईचं तोंड शिवून टाकावंसं वाटे.

मनगट भरलं. कोपराजवळ मी जिथे जोर लावून घासलं होतं, तिथे मांडीची कातडी लावावीच लागली.

"आता या दोन खुणा. हातावर एक, मांडीवर एक," सालपटबाई मला शेवटच्या दिवशी म्हणाली. "बघत राहा."

मुलगी अजून मला हाताला मलम लावू देत नाही. तोंडाने झाकण उघडते, माझ्याकडे पाठ करते आणि दुसऱ्या हाताने स्वतःच लावते.