वेताळाच्या फौजेची शीव

हवालदार श्रीपती महायुद्धातून परतला तो दोन गोष्टी घेऊन: लंगडा पाय आणि एक खेळ. त्याच्या गोऱ्या कप्तानाला शिशाच्या सैनिकांची लढाई खेळायचा नाद होता. कुठली तुकडी किती वीत चालणार, किती मेले की उरलेले पळणार, सगळं फाशावर आणि नियमानं. श्रीपतीनं ते नियम तोंडपाठ केले. शिशाच्या जागी माती आली, गोऱ्यांच्या जागी मावळे आणि मोगल, आणि वलवणला ज्या बंगल्याची तो राखण करायचा तिथल्या पडवीत वाळूचा लोहगड उभा राहिला. मुलगा नव्हता, म्हणून समोर मुलीला बसवलं. गंगी लहानपणापासून हरतच आली होती.

आता ती मॅट्रिक झाली होती आणि तिला पुण्याला नर्सचं शिकायला जायचं होतं. श्रीपतीचं उत्तर ठरलेलं. "मला हरव, मंग जा." म्हणजे नाहीच. नाही म्हणायचं धाडस नसलं की माणूस अट घालतो.

"मावळं तुमी घ्या, आबा," एके दिवशी गंगी म्हणाली. "मी वेताळाची फौज घेते."

"भुतांना कुटलं आलं नियम?"

"तेच बसवू की."

दोघं दुपारभर घासाघीस करत बसले. भुतांना बंदूक नाही, हे त्यानं मागितलं, तिनं दिलं. आठव्या खेळीनंतर कोंबडा आरवणार, भुतं विरणार आणि तोवर किल्लेदार जगला तर श्रीपती जिंकला, तेही दिलं. तिनं एकच मागितलं. "तिसरा हिस्सा मेला की तुमची तुकडी पळती. माजी आदीच मेलेली हायेत. ती पळायची न्हाईत."

श्रीपती हसला आणि हो म्हणाला. हवालदारानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मावळे पडले की उरलेले पळायचे. भुतं पडली तरी उरलेली पुढंच यायची. सहाव्या खेळीला माची गेली. सातव्या खेळीला भुतं दरवाजाजवळ आली. आत किल्लेदार एकटा. श्रीपतीला घाम फुटला. त्याची बायको सरूबाई चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. लेक जाणार की राहणार, ते तिलाही इथंच कळणार होतं.

श्रीपतीनं दरवाजासमोर वाळूत बोटानं रेघ ओढली. "ही शीव. भूत शीव वलांडत न्हाई."

"हे ठरलं नव्हतं, आबा."

"ठरवायचं काय त्यात? शेंबड्या पोराला ठावं हाय."

गंगीनं हातातलं भूत खाली ठेवलं. खोटं नव्हतं ते. शिवेवर लोक नारळ फोडतात ते कशासाठी? आणि खरा नियम मोडायचा नाही, हे तिला बापानंच शिकवलं होतं.

"तुमी जिंकला," ती म्हणाली आणि भुतं गोळा करायला लागली. "आये, उद्यापास्नं भाकऱ्या मी थापते. तू बस."

ती रडली असती तर श्रीपतीनं तिला दटावलं असतं. पण ती रडली नाही. या पोरीला त्यानं माघार कधी शिकवलीच नव्हती. आज ती माघार घेत होती आणि ती त्याच्यामुळे.

"थांब. येक खेळी हाय अजून."

"मदी शीव हाय ना."

श्रीपतीनं घसा खाकरला. "त्यो नियम तिकडं लोहगडवाडीचा. आपल्या वलवणची भुतं वलांडत्यात. म्या पाह्यलंय."

उभ्या आयुष्यात नियमाच्या बाबतीत तो पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलला. गंगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं एक भूत रेघेपलीकडे ठेवलं.

"फासा टाकू?"

"टाक की. फुकट देतो व्हय?"

चाराच्या वर पाहिजे होतं. फासा वाळूत लोळत गेला आणि आपलाच किल्लेदार मरावा म्हणून हवालदारानं डोळे मिटून देवाचा धावा केला.

डोळे उघडले तेव्हा सरूबाई पदरानं डोळे पुसत विचारत होती, "पुन्याची गाडी कवा असती?"