आवाज सगळ्या खाटांना पुरतो

प्रसूती विभागात मोठ्या सिस्टरना सगळे पाठीमागे 'भोंगा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून थोडा अभिमानही होता. या टोकाला उभ्या राहून त्या पलीकडच्या टोकाच्या बाईवर ओरडायच्या, "जोर लाव गं, झोपा काढायला आलीस का?" आणि मधल्या खाटांवरच्या बायकाही मुकाट जोर लावायच्या. कळ आली आणि कुणी 'आई गं' म्हणालं, की ठरलेलं वाक्य यायचं, "आईला कशाला हाका मारतेस? ती येणारेय का तुझ्याऐवजी बाळंत व्हायला?" मावश्या तोंड फिरवून हसायच्या. खाटेवरची गप्प व्हायची.

सिस्टर काही जन्मतः दगडाच्या नव्हत्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्या बायकांचे हात धरून बसायच्या. अशाच एका घाबरलेल्या पोरीचा हात धरून, तिच्या कपाळावरचा घाम पुसत बसल्या होत्या, तेव्हा पाठीमागच्या खाटेवरची बाळंतीण रक्तात भिजत गेली. तिनं हूं की चूं केलं नाही. सिस्टरनी मान वळवली तोवर फार उशीर झाला होता. कुणी त्यांना बोल लावला नाही. नर्स एकटी, खाटा भरलेल्या, बोल लावणार तरी कुणाला? पण त्यानंतर त्यांनी कुणाचा हात म्हणून धरला नाही. 'हात एकाच खाटेला पुरतो, आवाज सगळ्या खाटांना पुरतो,' असं त्या प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी बजावत. आणि त्यांच्या ड्यूटीवर पुन्हा तसं कधी घडलं नाही, हेही तितकंच खरं. मग त्यांना शहाणपण कोण शिकवणार?

शिकवलं ते पोटच्या पोरीनं. दिवस भरत आले म्हणून लेक आईकडे राहायला आली होती. दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, मी तुझ्याच हॉस्पिटलात येणार. डॉक्टर चांगले आहेत तिथले. फक्त तू आत यायचं नाहीस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाहेर बसायचं. जावयाबरोबर."

सिस्टर आधी हसल्याच. "वेडी की काय तू? लोक ओळखी काढत येतात, माझ्या ड्यूटीवर बाळंतपण व्हावं म्हणून."

"शाळा सुटली की मी कुठे बसायचे गं? त्या दाराबाहेरच्या बाकावर. पाढे पाठ व्हायच्या आधी तुझी वाक्यं पाठ झाली मला. अजूनही बोट चिरलं, तरी 'आई गं' तोंडाबाहेर पडायच्या आत मी ओठ चावते."

सिस्टरना असा राग आला, की घडी घातलेला टॉवेल त्यांनी पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. "कुणासाठी राबले मी एवढी?"

"माझ्यासाठीच. मी कुठे नाही म्हणतेय?" लेक म्हणाली, आणि उशांचे अभ्रे वेगळे काढू लागली.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी सिस्टर खरोखरच बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी जावई, क्षणात उभा, क्षणात बसलेला. आत कुणीतरी कळवळलं, "आई गं!" लगेच नव्या सिस्टरचा आवाज कडाडला, "आईला कशाला हाका मारतेस? ती येणारेय का तुझ्याऐवजी बाळंत व्हायला?" शब्द तेच, हेलही तोच. अगदी मन लावून शिकली होती पोरगी. जावयानं सासूकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे. सिस्टरनी ते वाक्य आजवर हजारदा म्हटलं होतं, पण दाराच्या या बाजूनं कधी ऐकलं नव्हतं. त्यांना लाज वाटली.

थोड्या वेळानं नवी सिस्टर हसत बाहेर आली. "मॅडम, तुमची लेक म्हणजे गुणाची पेशंट हं! हूं की चूं नाही."

मोठ्या सिस्टरना ती रक्तात भिजलेली खाट आठवली. त्या ताडकन उठल्या.

"आई, तिनं नको म्हटलंय ना?" जावई म्हणाला.

"रागावू दे तिला," म्हणत त्या आत शिरल्यासुद्धा.

त्यांनी आधी लेकीच्या अंगाखालची चादर पाहिली. कोरडी होती. नाडी ठीक, बाळाचे ठोके ठीक. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं. खालचा ओठ चावून चावून रक्ताळला होता आणि आईला पाहताच तिनं तो आणखी घट्ट दाताखाली धरला.

"ओरड गं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "ओरड, बाळा. कुणी काही बोलणार नाही."

'खरं सांग, मारणार नाही' म्हणणाऱ्या मास्तरांकडे पोरं जशी बघतात, तशी लेक त्यांच्याकडे बघत राहिली. सिस्टरनी हात पुढे केला. लेकीनं खाटेचा गज धरला. डॉक्टर आल्या, त्यांनी जोर लावायला सांगितलं, तिनं लावला. बाळ खणखणीत रडलं. बाळाच्या आईनं आवाज काढला नाही. डॉक्टर टाके घालायला बसल्या, तरीही नाही.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून, बरोबर कुणीच नसलेल्या त्या मघाच्या पोरीची पुन्हा हाक आली, "आई गं!" नव्या सिस्टरनं तोंड उघडलं. मोठ्या सिस्टरनी तिला खुणेनंच गप्प केलं आणि त्या पलीकडे गेल्या.

"आले गं, आले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. पोरीनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी असं पकडलं, की बांगडी रुतली.

आणि पाठीमागे लेकीचा बांध फुटला. "आई गं! आई! आई गं!" लहानपणापासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर यावं तशी ती ओरडत होती.

सिस्टरनी मान वळवली. मनगट सुटेना, पोरीची कळ ऐन भरात होती. त्यांनी दुसरा हात मागे लांबवला, तो लेकीच्या खाटेपर्यंत पोचेना. मग निदान 'आले गं' तरी म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भोंग्याला आवाज फुटेना.