फ्रिजवरच्या बिया

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना बोलायचा कंटाळा म्हणून कधी आला नव्हता. त्या आठवड्यात मात्र त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्याचं असं झालं, की प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी एका रानवेलीच्या टणक बियांवर पाच वर्षं घालवली आणि शोधनिबंध एका नियतकालिकाला धाडला. तिथल्या परीक्षकांनी तो परत केला. एरवी विसाव्या दिवशी उगवणाऱ्या या बिया सोमवारी भिजवल्या की नवव्याच दिवशी कशा उगवतात? दीड महिन्यात कारण कळवा, नाहीतर निबंध छापणार नाही. बाईंनी पाणी तपासलं, बिया तपासल्या आणि शेवटी डोकं धरून बसल्या.

कारण मावशींना पक्कं ठाऊक होतं. बिया टेबलावरच भिजवायच्या, असा नियम. पण सोमवारी टेबलावर धुतलेल्या बाटल्यांची ही गर्दी, म्हणून मावशी टब सरळ जुन्या फ्रिजवर चढवत. वर चांगली ऊब असते. त्यांचा ओला रुमालही तिथंच वाळायचा. आता हे सांगावं तर बाईंची पाच वर्षं पाण्यात आणि आपली नोकरी त्यांच्या पाठोपाठ.

घरी नवऱ्यानं गप्प राहायचा सल्ला दिला. तीस वर्षांच्या संसारात त्याचा एकही सल्ला कामी आला नव्हता, त्यामुळे काय करायचं ते मावशींना लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाई उठल्या, फ्रिजवर हात ठेवून ऊब पाहिली आणि मग त्यांनी मावशींना मिठीच मारली. दोघींनी लगेच एक टब वर, एक खाली ठेवला आणि दिवस मोजले. वरच्या बिया नवव्या दिवशी उगवल्या, खालच्या विसाव्या. निबंध स्वीकारला गेला, आणि लेखकांत दुसरं नाव मावशींचं. त्या दिवशी त्यांच्या हातून दोन बाटल्या फुटल्या, पण कुणी रागावलं नाही.

कोणत्या लेखकानं काय केलं, हेही छापायचं होतं.

"निरीक्षण केलं, असं लिहू?" बाईंनी विचारलं.

"टब चुकीच्या जागी ठेवला आणि कबूल केलं, असं लिहा. तेच केलंय मी."

बाईंनी तेच जरा सभ्य शब्दांत लिहिलं. अंक घरी आला तेव्हा नवऱ्यानं ते वाक्य शेजाऱ्यांना तीनदा वाचून दाखवलं आणि तो अंक कपाटात ठेवायला निघाला. मावशींनी त्याच्या हातून अंक काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला.