आप्पा डॉक्टर आणि नानांची बंद गाडी

आप्पा डॉक्टर बंद गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. गाडीसमोर बाज टाकायला लावायचे, तिच्यावर मांडी घालून बसायचे आणि घरातल्या माणसांना एकेक करून समोर बोलवायचे. शेवटी कोणी चालवली? बंद केली की बंद पडली? कुठं उभी होती? त्या दिवशी घरात काय चाललं होतं? हा साक्षीपुरावा चालू असताना कोणी उगाच बॉनेटला हात लावला, तर आप्पा चपला पायात सरकवून चालते व्हायचे. मग त्यांना परत बसवायला घरच्या बाईला चहाचा दुसरा कप घेऊन मागे धावावं लागे.

खरं तर ते गुरांचे डॉक्टर. गाड्यांचा नाद त्यांना सातपुड्यानं लावला. नोकरीच्या सुरुवातीला शिरपूरच्या वर, डोंगरातल्या पाड्यांवर फिरायला त्यांना एक म्हातारी जीप मिळाली होती. ती जिथं रुसायची तिथं मेकॅनिक सोडा, चहाची टपरीसुद्धा नसायची. तिच्याशी भांडता भांडता आप्पा शिकले. पुढे बदली होऊन ते आमच्या अमळनेर तालुक्यात आले, तेव्हा म्हशीला बघायला आलेल्या डॉक्टरला जाता जाता ट्रॅक्टरही दाखवायची लोकांना सवयच लागली.

नम्रता त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. पांढरा सफारी, डोळ्यांवर काळा गॉगल, अंगाला फिनाईलचा वास आणि आवाज असा की गोठ्यातली गुरं माना वर करत. "धुळा अन जयगाव, दोन्ही जिल्हामा मनासारखा दुसरा डॉक्टर दखाडा, मी फिनाईल पी लिसू," असं ते भर चौकात म्हणत. कोणी दाखवला नाही, म्हणून वाचले. त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "ढोर बोलस नही, गाडी बी बोलस नही. बोलतस घरना लोके, अन खोटं बी त्याच बोलतस." हे वाक्य ऐकून आम्ही हसायचो. त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

एकदा गावातल्या निवृत्त हेडमास्तरांची स्कूटर उन्हाळाभर उभी राहून बंद पडली. मास्तरांनी किक मारून मारून गुडघा सुजवून घेतला होता. आप्पांनी टाकीचं झाकण काढून एक वास घेतला आणि काहीही न बोलता झाकण लावून टाकलं. मग सगळ्यांच्या साक्षी झाल्या. सून साक्षीला आली तेव्हा पदर चाळवत उभी राहिली. आप्पांनी तिला फक्त "बेटा, चहा मस्त व्हयना" एवढंच म्हटलं आणि मास्तरांना ठणकावून सांगितलं की पेट्रोल शिळं झालंय, सगळं ओतून टाका. पुढे तिनंच माझ्या आईला हसत हसत सांगितलं. साडीवरचा डाग काढायला तिनं टाकीतलं पेट्रोल काढलं होतं आणि कमी दिसू नये म्हणून वरून घासलेट ओतलं होतं! आप्पांना ते वासावरूनच समजलं होतं, पण मास्तरांना त्यांनी जन्मात कळू दिलं नाही.

आता आमच्या घराची गोष्ट. ती सांगायची तर आखाजीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराई बसते, झाडांना झोके बांधतात, मुली दिवसभर गाणी म्हणतात. लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. बहुतेक घरांतून भाऊ जातो. आमच्याकडे मात्र वडील, म्हणजे नाना, स्वतः जायचे, आणि तेही आपल्या काळ्या अँबॅसिडरमधून. शिरपूरपलीकडच्या एका गावात माझी बहीण अक्का दिली होती. मुराळी मोटार घेऊन येतो, याचं त्या गावात अक्काला केवढं अप्रूप!

एका आखाजीला नाना गेले आणि रिकामी गाडी घेऊन परत आले. व्याह्यांनी त्यांना ओट्यावर ताटकळत ठेवलं आणि "यंदा शेतमा काम शे, पुढला वरीस देखू" असं म्हणून बोळवण केली. नाना पाणीसुद्धा न पिता उठले. अक्का गाडीमागं धावत वेशीपर्यंत आली होती. रागाच्या भरात नानांनी गाडी थांबवली नाही. घरी येऊन त्यांनी गाडी कापसाच्या खोलीत घातली, दाराला कडी लावली, आणि त्यानंतर गाडीचं नाव घराबाहेर सोडाच, घरातही कोणी काढेना.

पुढच्या आखाजीला मी एस.टी.नं मुराळी म्हणून गेलो. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, तू जेवण कर अन जाय. नाना येतीन तवयच मी येसू." बापाची लेक. पुढे तिला मुलगी झाली. त्या पोरीचं तोंड आमच्या घरातल्या कोणीच पाहिलं नाही. आई देवापुढं दिवा लावताना रडायची आणि नाना उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

मग काही वर्षांनी व्याहीच नरमले. नात झाली होती, शिवाय त्यांचंही वय झालं होतं. त्यांनी निरोप धाडला की या आखाजीला मुराळी पाठवा, झालं गेलं विसरा. आईनं नानांच्या मागे धोशा लावला. शेवटी एके दिवशी भरल्या घरात, शेजारीपाजारी बसलेले असताना, नाना बोलून गेले, "गाडी चालू व्हयनी तं जासू. नही व्हयनी तं पुन्हा मना पुढे नाव काढू नका."

आईनं त्याच दुपारी आप्पा डॉक्टरांना बोलावणं धाडलं. आखाजी अगदी तोंडावर आली होती.

आप्पा आले, कापसाच्या खोलीचं दार उघडायला लावलं, आत जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावले आणि बाहेर येऊन बाजेवर बसले. साक्षी सुरू झाल्या. आई बोलली, मी बोललो, सालदार गडी बोलला. नाना मात्र खांबाला टेकून तंबाखू मळत राहिले.

"नाना, गाडी कोनी बंद कयी?"

"मी."

"चालता चालता बंद पडनी का?"

"नही. चांगली चालत उनी."

"मग ती आजारी नही," आप्पा म्हणाले. "झोपेल शे."

मग मात्र त्यांनी सफारीच्या बाह्या वर केल्या. मी पुष्कळ मेकॅनिक पाहिलेत, पण यंत्राशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस पाहिला नाही. बॅटरी पार मेली होती, तिच्या जागी ट्रॅक्टरची आणून लावली. टाकीतलं पेट्रोल बोटावर घेऊन हुंगलं, "वार्निश व्हई गये" म्हणून सगळं ओतलं आणि नवं भरलं. एअर फिल्टर उघडला तर उंदरांनी आत सरकीसकट कापूस भरून बाळंतपणाची सोय करून ठेवली होती. कार्बोरेटर धुतला. प्लग काढून आत थेंब थेंब ऑईल सोडलं आणि हँडल लावून इंजिन हातानं हळूच फिरवलं. फिरवताना ते डोळे मिटून ऐकत होते. गाभण गायीच्या पोटाला हात लावतानाही त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

मग सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा मारला, तेच. आईनं पदर तोंडाला लावला. नाना खांबापाशीच उभे होते. आप्पांनी प्लगची वायर इंजिनजवळ धरून पाहिली. ठिणगी नाही. मग त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. इथून प्रत्येक प्लगला आळीपाळीनं करंट वाटला जातो, आणि तो वाटायला आत अंगठ्याएवढा एक तुकडा फिरत असतो. त्याला रोटर म्हणतात. मी वाकून पाहिलं तर मधला दांडा मोकळाच दिसला.

"आप्पा, इथं काही असतं का हो?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्या पायावर चांगला जोरात पाय दिला आणि झाकण लावून टाकलं.

उंदीर वायर खातो, कापूस भरतो. पण क्लिपा उघडून, आतला तुकडा उचलून, झाकण पुन्हा जागच्या जागी बसवून जाणारा उंदीर अजून जन्माला यायचाय. एवढं मलाही समजलं. आणि गाडी शेवटी कोणी बंद केली होती, हे तर आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं. मी नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे पाहत होते. भरल्या घरात घातलेली ती अट त्यांनी कशाच्या भरवशावर घातली होती, ते माझ्या ध्यानात आलं. आप्पांनी तोंडातून एक शब्द काढला असता तर त्या माणसाला स्वतःच्या घरात मान वर करता आली नसती, आणि मग अक्का या आखाजीलाच काय, कधीच आली नसती.

आप्पांनी चिंधीला हात पुसले आणि आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "बठ्ठं ठीक शे. एक बारीक नग गायब शे. उंदीर लई गया व्हई."

"उंदीर?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

"उंदीर! कापूसवरला उंदीर शे नाना, त्याना काय नेम? जयगावले नवा भेटी. मी सकाय लई येसू." मग चपला घालता घालता, कोणाकडेच न बघता म्हणाले, "पन जुना सापडना तं बेस. तो या गाडीमा घासाई जायेल ऱ्हास. नवा तो नवाच."

त्या दिवशी नाना जेवले कमी आणि कोणाशी बोलले त्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले तेव्हा नाना आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गाडीत स्टिअरिंगसमोर बसले होते. आईनं विचारलं, "नग लई उनात का डॉक्टर?" आप्पांनी सफारीचा खिसा थोपटला. "हाऊ काय, खिसामा शे!" मला वाटलं, आता बॉनेट उघडतील. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "मारा सेल्फ, नाना."

गाडी खोकली, थरथरली, मागून काळ्या धुराबरोबर कापसाचे पुंजके उडाले आणि इंजिन लागलं. आईनं रडत रडतच बॉनेटवर कुंकू वाहिलं. नानांनी कोणाला काही न म्हणता गाडी बाहेर काढली आणि शिरपूरच्या दिशेनं निघाले. आप्पा तोवर कोणाच्या तरी अडलेल्या म्हशीकडे निघूनही गेले होते.

दिवस मावळायच्या आत नाना परत आले. अक्का शेजारी बसलेली होती आणि तिची लेक नानांच्या मांडीवर बसून हॉर्न दाबत होती. अक्का नंतर सांगत होती की नानांनी दारात गाडी उभी केली, खिडकीतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं आणि शेजारचं दार उघडून दिलं. तिनं मग पिशवी घेतली आणि येऊन बसली. त्या वर्षी आमच्या दारातला झोका रिकामा राहिला नाही.

बरीच वर्षं गेली. नाना गेले. आप्पा निवृत्त होऊन धुळ्याला राहायला गेले होते. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना भेटायला गेलो. आवाज तेवढाच मोठा होता, बाकी माणूस निम्मा झाला होता. मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "आप्पा, त्या सकाळी खिशात रोटर होता का?"

"काहीच नही व्हतं."

"आणि नानांनी रात्रीतून जुना रोटर बसवला नसता तर? गाडी चालू झाली नसती, आणि ते पुन्हा कधी गेले नसते."

"बसाडणारच व्हतात," ते म्हणाले. "पहिलाच दिन खिडकीमाईन देखं ना मी. टपवर धूळ, काचवर धूळ, मांगली सीटवर कापूस. अन पुढली सीट लख्ख, स्टिअरिंग लख्ख. बंद गाडीमा जो मानूस रोज जाई बसस, त्याले कोठे तरी जानंच ऱ्हास, भाऊ."

आम्ही सगळे त्याच घरात राहत होतो, आणि आम्हाला वाटत होतं की नाना ओट्यावर बसतात. कापसाच्या खोलीत आतून दार लोटून, बंद गाडीचं स्टिअरिंग धरून, माझा बाप इतके दिवस अक्काला आणायला निघालेला होता.