वाळूतलं निशाण

सगुणाबाई पंचवटीत राहत आणि गोदेवरचा पूल ओलांडून गावातल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला जात. लहान वयात कपाळ पांढरं झालं, तेव्हा थोरल्या दिरांनी त्यांना पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. रामकुंडावर रोज हात जोडताना ते उपकार त्यांना आठवत.

अडतीस सालच्या जानेवारीत मुलींनी सूत कातून निशाण शिवलं. सव्वीस तारखेच्या स्वातंत्र्यदिनाला ते कुठं लावायचं, यावरून मात्र वर्ग फुटला. गावातल्या मुली म्हणाल्या भद्रकालीपाशी, पंचवटीतल्या म्हणाल्या काळ्या रामापुढं.

"यांना देव उशाशी, आता निशाणही उशाशी हवं," गावातली सलिमा म्हणाली. कापड तिच्या वडिलांनी, खाजा रंगाऱ्यांनी रंगवलं होतं.

"सूत आमचं आहे. तुमच्या सुतात नुसत्या गाठी," पंचवटीची चंपू म्हणाली.

एका काठच्या मुली आल्याच नाहीत, तर वंदन तरी कसलं? बाईंना घोर लागला. पण त्या रागावल्या नाहीत. अमेरिकेचा धडा चालला होता, तोच पुढं नेला.

"तेरा वसाहती एक होऊन इंग्रजांशी लढल्या आणि जिंकल्यावर राजधानीवरून भांडल्या. उत्तरेला ती उत्तरेत हवी, दक्षिणेला दक्षिणेत. तोंडानं देश म्हणायचं आणि मनात आपला प्रांत धरायचा."

"मग, बाई?"

"मग एका नदीवर, दोन्ही काठांची थोडी थोडी जमीन घेऊन नवं गाव वसवलं. ते कुठल्याच प्रांताचं नव्हतं."

चंपू सलिमाकडे न बघता म्हणाली, "आपल्या गोदेचं पात्र कुणाचं हो, बाई?"

स्वातंत्र्यदिनाला बुधवार होता. पात्रातल्या वाळूत बाजार भरत होता. दोन्ही काठांवरून मुली निशाण लावायला तिथं उतरल्या, पण काठी वाळूत उभी राहीना.

"अशी नाय राहायची ती," कुसाबाई भाजीवाली म्हणाली. "दगडं लावा, अन् धरा दोघींनी दोहीकडून. लय नाजूक हाय का हात?"

सलिमानं आणि चंपूनं काठी धरली. वंदन झालं. लगेच कुणीतरी विचारलं, "आता निशाण राहणार कुणाकडे?"

"बाई, राजधानी झाल्यावर त्यांचं भांडण मिटलं ना?" सलिमानं विचारलं.

"नाही गं. पुढं फार वाढलं," बाई म्हणाल्या आणि निशाणाची घडी घालू लागल्या.

आठ दिवस अलीकडे, आठ दिवस पलीकडे, असं ठरलं. न्यायचं कुणी, यावरूनही रुसवे होत. म्हणून दर बुधवारी रामकुंडावर हात जोडून सगुणाबाई स्वतःच निशाण काखेत घेत आणि पूल ओलांडत.