चंद्राला न ओवाळणारी बहीण

मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. लेखकाच्या मनात काय काळंबेरं आहे ते कळल्याशिवाय मला पहिलं पान गोड लागत नाही. भाजीवालीच्या तराजूवर माझा विश्वास नाही, डेअरीतल्या फॅटच्या मशीनवर नाही, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर तर अजिबात नाही. मी स्वतः कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं मला लगेच ऐकू येतं, अशी माझी समजूत होती.

कसबा बावड्यात डेअरीच्या वरच्या खोलीत आम्हा बायकांचा वाचनकट्टा भरतो. तो चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. रहस्यकथा असली की त्या प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या प्रकरणाला स्टेपलरच्या पिना मारून देतात. प्रत्येकीनं आपला गुन्हेगार सांगायचा, कारण द्यायचं, मगच पिना काढायच्या. हा नियम माझ्यासाठीच केलाय, असा मला दाट संशय आहे.

या वेळचं पुस्तक माझ्या भावजयीनं सुचवलं आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा धाकटा भाऊ एका सकाळी गडहिंग्लजच्या एसटीत बसला. "आक्का, सांजच्याला येतो," म्हणाला आणि आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवाला कौल लावून झाला. यंदा त्याला सात वर्षं झाली. एवढी वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं. भावजय तसा अर्ज करणार होती आणि तिच्या वकिलाला सख्ख्या बहिणीची साक्ष हवी होती. माझा भाऊ जिवंत असल्याची मला काही खबर नाही, असं मी शपथेवर सांगायचं. खबर नव्हतीच, पण माझ्या तोंडानं मी त्याला मारायचं कसं? घर त्याच्या नावावर, पोरीच्या कागदांवर त्याची सही लागते, अशी कारणं ती द्यायची. मला त्यातलं एकही खरं वाटत नव्हतं. नवरा मेला म्हणून लिहून घ्यायची हिला एवढी घाई कसली? मी आज नको, उद्या बघू करत दिवस ढकलत होते.

आणि पुस्तक कसलं, तर वकिली करणारी एक बहीण, तिचा बेपत्ता भाऊ, आणि त्याला मृत जाहीर करा म्हणून कोर्टात गेलेली त्याची बायको. असलं पुस्तक हिला नेमकं आत्ताच कसं मिळालं? मी दोन पिनांच्या फटीतून डोकावूनही पाहिलं. 'न्यायालय' आणि 'चहा' एवढेच शब्द दिसले. त्यावरून काय कळणार, कपाळ!

कट्ट्याच्या दिवशी पोह्यांच्या बशा फिरल्या आणि बाईंनीच सुरुवात केली. "बायकूनंच काटा काढलाय बघा. पहिल्या पानापासनं मला तिचं लक्षण ठीक दिसंना."

"बायकोच," मी ठासून म्हणाले. "घाई करणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच." हे मी भावजयीकडं बघूनच म्हणाले. तिनं बशी खाली ठेवली. ती एरवी कट्ट्यावर तोंड उघडत नाही.

"माझा संशय बहिणीवर हाय," ती म्हणाली. "भाऊ जित्ता हाय आन् तिला ठावं हाय त्यो कुठं हाय ते."

"कशावरनं गं?" बाई पुढं सरकल्या.

"भाऊबीजेवरनं. भाऊ जवळ नसला की आपण चंद्राला ओवाळतो का न्हाय? ह्या पुस्तकात दोनदा भाऊबीज येती. ही बया एकदाबी ओवाळत न्हाय. म्हंजे भाऊ येऊन, ओवाळून घेऊन गुपचूप जातोय."

"अगं बाई, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय की!" बाईंनी मांडीवर थाप मारली.

शेजारी कापडाचं दुकान चालवणाऱ्या भाभी होत्या. त्या हसून म्हणाल्या, "रुसली असंल की ती भावावर. रुसल्यावर कोण चंद्राला ओवाळतंय?"

"सात वरसं कोण रुसतं व्हय, भाभी?" भावजय म्हणाली.

पुस्तकातला भाऊ जाऊन दहा वर्षं झाली होती. सात आमच्या घरातली होती.

माझे कान गरम झाले. भाऊ गेल्यापासून मी एकदाही चंद्राला ओवाळलं नव्हतं. भाऊबीजेला संध्याकाळी सगळ्या बायका गच्चीवर जायच्या, ती कोर मावळायच्या आत निरांजन फिरवायच्या. मी खाली भांडी घासत बसायचे. मला त्याचा राग होता. ओवाळून घ्यायचं तर स्वतः ये, तुझ्याऐवजी मी कुणाला पाटावर बसवणार नाही, असा माझा हट्ट होता. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि ही दर वर्षी आमच्या गच्चीवर नजर ठेवून होती तर!

पिना काढायच्या आधीच ती उठून गेली. मी मागोमाग गेले. डेअरीच्या जिन्यात तिला गाठलं आणि सरळ विचारलं, "माझ्यावर संशय घेतीस?"

"घेतो," ती म्हणाली. "आक्काला सांगितल्याबिगर त्यो पाणीबी पीत नव्हता. तुमास्नी फोन येत असणारच. माझ्यावर काय राग असंल त्येचा, म्हणून मला सांगत न्हाईसा."

"म्हणून त्याला मेला म्हणून लिहून घेतीस?"

"मला कुठं लिहून घ्यायचंय, वन्सं? वकील म्हणाला, बहिणीला शपथेवर इचारत्यात. तुम्ही शपथेवर खोटं बोलणार न्हाई. कोर्टात तरी सांगशीला, जित्ता हाय म्हणून. त्येच्यासाठी तर समदा खटाटोप."

तिला त्याला पुरायची घाई झालीय, असं मी धरून चालले होते. ती मात्र त्याला माझ्या तोंडून जिवंत काढायला निघाली होती.

"मला एकदाही फोन आला नाही," मी म्हणाले. "आईची शपथ. चंद्राला ओवाळत नाही ते रागानं."

तिनं माझा चेहरा निरखून पाहिला. मग पायरीवर बसली, पदर तोंडात धरला.

"तुम्ही खोटं बोलताय, एवढ्याच आशेवर मी जगत हुतो, वन्सं."

वर बाईंचा आवाज येत होता, पिना निघाल्या असाव्यात. पुस्तकात कोण खरं ठरलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. तिच्या शेजारी पायरीवर बसले. मी खोटारडी निघाले असते तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.